निव्वळ रहिवासी

मोजणीवाले सम्यकनगरात आले ते डिसेंबरात, आणि त्यांच्यात सुंदराबाईची लेकच होती.

प्रियंका तेवीस वर्षांची. बी.कॉम. होऊन दीड वर्ष घरात काढल्यावर ती एका सल्लागार कंपनीत सहा महिन्यांच्या करारावर लागली होती. उपनगराचा नवा आराखडा व्हायचा होता. त्यासाठी कुठं कोणती इमारत आहे, किती मजले आहेत, आत माणसं राहतात की धंदा करतात, धंदा असेल तर किती जण कामाला, हे दारोदार जाऊन टॅबमध्ये भरायचं. पहिल्या दिवशी नारिंगी जाकीट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून ती निघाली तेव्हा सुंदराबाईनं हातातलं फडकं खाली ठेवून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सायबीण दिसायलीस," एवढंच म्हणाली आणि पुन्हा विळीवर वाकली.

सुंदराबाईचं काम जुन्या कपड्यांचं. दर सोमवारी अंबादासचा टेम्पो हायवेच्या कडेला थांबायचा आणि गल्लीतल्या बाया गासड्या डोक्यावर घेऊन उतारानं आत यायच्या. गासडीत काय वाट्टेल ते निघे. फाटके शर्ट, दवाखान्यातल्या चादरी, शाळेचे गणवेश, कुणाचे बनियन. विळीच्या पाटावर उजवा पाय दाबून बसायचं, शिवण पात्यावर धरायची आणि ओढायची. कॉलर वेगळी, बटणं डब्यात, चेन वेगळी, इलास्टिक वेगळं. उरलेल्या कापडाचे वीतभर चौकोन करून गठ्ठे बांधायचे. ते गॅरेजात, छापखान्यात मशिनी पुसायला जायचे. बावीस वर्षं ती हे करत होती. उजव्या पायाच्या चवड्याला घट्टा पडला होता. नाकात कायम सुताची कुसं असायची, आणि पहाटे उठल्यावर पहिला अर्धा तास खोकण्यात जायचा. घर दहा बाय चौदा. सकाळी नवऱ्याचा, खंडूचा, डबा भरून झाला की घराचा कारखाना व्हायचा, आणि संध्याकाळी चिंध्या पलंगाखाली सारल्या की परत घर.

गल्लीत घरं ब्याण्णव. मधून नाला गेलेला, त्यावर सिमेंटची फळी. नाल्याच्या अलीकडं एकोणपन्नास घरं, पलीकडं त्रेचाळीस. खाडीकडचा वारा सुटला की कचऱ्याच्या डेपोचा वास सगळ्यांच्या डाळीत उतरायचा. बहुतेक घरांत चिंध्यांचंच काम. नाही तर फॉल-बिडिंग, नाही तर खोट्या दागिन्यांना खडे चिकटवणं.

प्रियंका आपल्याच गल्लीत आली तेव्हा तिला जरा हसूच येत होतं. घर क्रमांक सदतीस म्हणजे तिचंच घर. टॅबनं विचारलं, वापर काय? खाली चार गोल होते. राहणे, दुकान, कारखाना, रिकामी. एकच निवडता येत होता. राहणे दाबलं की कामगारांच्या संख्येचा रकाना राखाडी होऊन बंद पडत होता. तिनं दोनदा पुढं-मागं करून बघितलं. मग देवदत्तला फोन लावला. तो तिचा सुपरवायझर, अंधेरीच्या ऑफिसात बसणारा.

"सर, इथं लोक राहतात पण आणि कामं पण करतात. तो दोन्ही घेत नाहीये."

"बाहेर पाटी आहे?"

"नाही."

"लाइटचं बिल कमर्शियल?"

"नाही सर, घरगुती."

"मग राहणे. प्रियंका, दिवसाला साठ घरं द्यायचीत यार. प्रत्येक दारात थांबू नको ना."

आत सुंदराबाई एका शर्टाची बाही उसवत होती. चर्र आवाज येत होता. प्रियंकानं राहणे दाबलं. रकाना राखाडी झाला.

"काय लिवलंस माझं?" सुंदराबाईनं मान वर न करता विचारलं.

"घर लिहिलं."

"घर तर हायेच. पाणी पिऊन जा, उन्हाची फिरतीस."

दोन दिवसांत प्रियंकानं गल्ली संपवली. ब्याण्णवच्या ब्याण्णव राहणे.

एप्रिलमध्ये गल्लीच्या तोंडाशी, नळाच्या वरच्या भिंतीवर कागद चिकटला. प्रारूप आराखडा तयार आहे, नकाशे मुलुंडला नियोजन कार्यालयात बघायला मिळतील, तीस दिवसांत हरकती द्याव्यात. खंडूची रविवारची सुट्टी होती, पण कार्यालय रविवारी बंद. म्हणून त्यानं सोमवारी खाडा केला आणि तिघं मुलुंडला गेली.

हॉलमध्ये चारी भिंतींना नकाशे टांगले होते. सुंदराबाईला वाचता येत नव्हतं, पण नाल्याची निळी रेघ आणि विजेच्या मोठ्या टॉवरची खूण बघून तिनं आपली गल्ली बोटानं शोधली. गल्ली पिवळी होती. हायवेच्या पलीकडं एक लालभडक चौकोन होता.

तिथं समजावून सांगायला एक तरुण मुलगा उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. "लाल जितकं गडद, तितका रोजगार जास्त," तो म्हणाला. "पिवळं म्हणजे निव्वळ रहिवासी."

खंडू त्या लाल चौकोनाजवळ जाऊन वाकला. "हे कंचं हो?"

"ऑफिस संकुल आहे काका. चौदा मजली. तीन हजार आठशे रोजगार."

खंडू आधी हसला. मग तो पोरगा हसत नाही असं बघून थांबला. "सायेब, मी तिथंच वॉचमन हाय. दिवसपाळीला. तीन वर्षं झाली, बिल्डिंग रिकामी हाय. भाड्यानं देणे म्हणून बोर्ड लावलाय, त्याचापण रंग उडाला. तिथं आम्ही चौघं. मी, रातचा वॉचमन, पंपवाला आन् एक झाडूवाली, ती बी हप्त्यातनं दोनदा."

"काका, एवढ्या मोठ्या इमारतीत आत जाऊन कोणी मोजत नाही. वरून फोटो घेतात, त्यातून इमारतीचा तळ मिळतो. त्याला मजल्यांनी गुणायचं. एका माणसाला इतके चौरस फूट असा हिशोब असतो. कंप्युटर काढतो."

"मंग कंप्युटरला सांगा ना. गेटावर मी असतो. मी सांगतो ना आत कोण हाय ते."

पोरगा दुसऱ्या माणसाकडं वळायला लागला होता. सुंदराबाई मधे आली. "बाळा, आमचं काय लिवलंय ते सांग. ही पिवळी गल्ली."

त्यानं तक्त्यावर बोट फिरवलं. "सम्यकनगर. रोजगार शून्य. प्रस्ताव, रहिवाशांचं बावीस मजली इमारतीत पुनर्वसन. मोकळ्या होणाऱ्या जागेवर रोजगार क्षेत्र."

"म्हंजे?"

"म्हणजे मावशी, तिथं काम नाही ना. म्हणून तिथं काम आणायचं."

सुंदराबाईनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. नखांच्या कडांत निळ्या गणवेशाची सुतं अडकलेली होती. प्रियंका मागं उभी होती. ती भिंतीकडं बघत राहिली.

बावीस मजले म्हणजे काय ते गल्लीला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या अशाच इमारतीत हलवल्या होत्या. त्यांतल्या बायांनी पहिल्या महिन्यात गासड्या नेऊन बघितल्या. लिफ्टमध्ये घेईनात. जिन्यात सुतं उडतात म्हणून सोसायटीनं दंड लावला. त्या बाया आता पवईला भांडी घासायला जातात. दोन बसा बदलून.

घरी आल्यावर सुंदराबाईनं चूल पेटवावी तसा गॅस पेटवला, डाळ टाकली, आणि पाठमोरी राहूनच विचारलं, "आपल्या गल्लीची मोजणी कुणी केली?"

"आई..."

"कुणी केली?"

"मीच केली."

खंडू पलंगावर बसून बूट काढत होता. त्याचा हात थांबला.

"तू तान्ही होतीस तवा ह्याच ढिगात निजायचीस," सुंदराबाई म्हणाली. "एकदा गठ्ठा बांधता बांधता तुझा पाय माझ्या दोरीत आला हुता. तुला दिसलं न्हाई हितं काम चालतं ते?"

"मला दिसलं गं. टॅबला दिसत नव्हतं. एकच दाबता येत होतं. सर म्हणाले, राहणे दाब."

"आन् तू दाबलंस."

"हो."

"शून्य."

"मी शून्य नाही लिहिलं आई. मी राहणे लिहिलं. शून्य आपोआप आलं."

"आपोआप," सुंदराबाई म्हणाली. डाळ उतू गेली तरी तिनं झाकण काढलं नाही. खंडूनंच उठून गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवशी प्रियंका अंधेरीला देवदत्तकडं गेली. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिनं सांगितलं की ब्याण्णव घरांची नोंद चुकली आहे, मला परत भरू द्या, मी माझ्या वेळेत भरते.

"डेटा लॉक झाला प्रियंका. वर गेला पण."

"मग वर कळवा ना."

"काय कळवू? की माझ्या पोरीनं चुकीचं भरलं? आणि एक गल्ली उघडली की सगळ्या उघडायच्या. मानखुर्दपासून बोरिवलीपर्यंत सगळीकडं असंच भरलंय. मला माहीत नाही असं वाटतं तुला?" त्यानं आवाज खाली आणला. "तू करारावर सही केलीयस. आतलं बाहेर बोलायचं नाही. तुझं अनुभवाचं सर्टिफिकेट माझ्या हातात आहे. शांत राहा ना."

चहा तसाच ठेवून ती उठली.

त्या संध्याकाळी तिनं वाण्याकडून दोनशे पानी वही आणली आणि आईसमोर बसली. "आपण मोजू," म्हणाली. "घरात कोण, काय काम, किती तास, किती वर्षं. सगळं. आणि हरकत टाकू."

सुंदराबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मुलुंडहून आल्यापासून पहिल्यांदाच. "माझं पयलं लिव," ती म्हणाली. "बावीस वर्षं. रोज नऊ तास. पन्नास किलोची गासडी दोन दिवसांत. खोकला पण लिव."

दहा दिवस प्रियंका नोकरीवरून आली की वही घेऊन गल्लीत फिरत होती. सोपं नव्हतं. बाया एरवी तोंडभरून बोलणाऱ्या, पण वही दिसली की दार ओढून घ्यायच्या. सगळ्यांत जास्त अडली ती जयंती परब.

जयंती मालवणाकडची, नाल्यापलीकडच्या पाचव्या घरात राहायची. नवरा राजाराम गिरणी बंद झाल्यापासून या ना त्या कामावर होता, दोन वर्षांमागं अर्धांगवायू झाल्यापासून खाटेवर होता. अठरा वर्षं ती आणि सुंदराबाई एका गासडीला दोन बाजूंनी बसत आल्या होत्या.

"माझा नाव लिवू नको गो," जयंती म्हणाली. "तुमका कळत नाय. आज तू वहीत लिवतलंस, उद्या लायटवालो येतलो, म्हणतलो धंदो करतास तर बिल धंद्याचा भर. परवा आग लागात म्हणान कोणतरी नोटीस घेऊन येतलो. आजवर आमका कोणी बघूक नाय, म्हणानच आम्ही जगलंव."

जयंतीचं म्हणणं खरं होतं. ती वही मिटून घरी आली.

मग सुंदराबाई गेली. तिनं काही समजावलं नाही. जयंती राजारामला कुशीवर वळवत होती, तर तिनं दुसऱ्या बाजूनं हात लावला. चादर बदलून झाली. दोघी दाराशी बसल्या.

"दिसलो तर भ्या हाय, हे खरं हाय," सुंदराबाई म्हणाली. "पण आता न दिसून बी भ्या हाय. न दिसून हाकलतील. मला म्हणाला तो पोरगा, तिथं काम न्हाई. माझ्या तोंडावर म्हणाला, जयंती. माझ्या हाताला सुतं लागली हुती."

जयंतीनं आत खाटेकडं बघितलं. मग म्हणाली, "विसाव्या मजल्यावर ह्येंका कसा चढवतलंय मी? लिफ्ट बंद पडली तर?" आणि मग, "लिव म्हणा तिका. जयंती राजाराम परब. अठरा वर्सां."

वही भरली तेव्हा आकडा झाला दोनशे सतरा. दोनशे सतरा माणसं काम करणारी, त्यांतल्या एकशे अठ्ठ्याण्णव बाया.

हरकतीची सुनावणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, मुलुंडलाच. सकाळी दहाला बोलावलं होतं. टोकन क्रमांक चौसष्ट. सुंदराबाई, जयंती, प्रियंका आणि गल्लीतल्या आणखी नऊ बाया बाहेरच्या पायऱ्यांवर उन्हात बसल्या. दारावरच्या गार्डानं सुंदराबाईची पिशवी टेबलावर उपडी केली. उसवलेल्या बाह्या, कॉलरी, फडक्यांचा एक गठ्ठा बाहेर पडला. "कचरा कुठं घेऊन चाललात?" तो म्हणाला. मागच्या रांगेतला एक जण हसला. सुंदराबाईनं एकेक तुकडा उचलून पिशवीत भरला. तिचे कान लाल झाले होते.

चारच्या सुमाराला नंबर लागला. समोर तिघं अधिकारी, मधले साहेब निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर. बाजूच्या बाकावर कंपनीची माणसं, आणि त्यांत देवदत्त.

"तीन मिनिटं," साहेब म्हणाले. "मुद्द्याचं बोला."

प्रियंकानं वही पुढं ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या अधिकाऱ्यानं दोन पानं उलटली. "ही खासगी वही आहे. अधिकृत सर्वेक्षणाच्या विरोधात ही कशी धरायची? अधिकृत नोंदीत रोजगार शून्य आहे. प्रशिक्षित माणसानं जागेवर जाऊन भरलेली नोंद आहे."

"ती नोंद खोटी आहे," प्रियंका म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं. सकाळपासून ते ओढणीखाली झाकलेलं होतं. टेबलावर ठेवलं. "ती मी भरलीय. ब्याण्णव घरं, दोन दिवसांत. मी त्याच गल्लीत राहते. माझी आई आत काम करत होती आणि मी बाहेर उभी राहून राहणे दाबलं, कारण दोन्ही दाबताच येत नव्हतं. मी फोन करून विचारलं. मला सांगितलं पाटी नाही तर राहणे. असं सांगणारे इथं बसलेत."

साहेबांनी बाकाकडं मान वळवली. देवदत्त उठला. त्यानं प्रियंकाकडं बघितलं नाही.

"सर, ॲपमध्ये शेरा लिहायची सोय होती. सर्वेक्षकानं शेरा लिहिला नाही. ही सर्वेक्षकाची हलगर्जी आहे. कंपनी तिच्यावर कारवाई करेल."

"शेरा?" प्रियंका म्हणाली. "सर, शेऱ्यात तीस अक्षरं बसतात. आणि तो कंप्युटर मोजतो का?"

"मिनिटं संपली," दुसरा अधिकारी म्हणाला.

तेव्हा सुंदराबाई पुढं झाली. तिनं पिशवीतला गठ्ठा काढून थेट टेबलावर पसरलेल्या नकाशावर ठेवला. "साहेब, माझं एक मिंट राहिलंय. मी बोलले न्हाई अजून. तुमची खाली गाडी उभी हाय ना? तिच्या ड्रायव्हरला इचारा काच कशानं पुसतो. ह्यानं पुसतो. हे आभाळातनं पडत न्हाई. तिकडं काचेच्या रिकाम्या बिल्डिंगीत माझा नवरा भुतं राखतो, तिथं तुम्ही तीन हजार माणसं लिवली. आन् आम्ही जित्या दोनशे बाया, आम्ही शून्य. माझ्या पोरीची चूक हाय, ती तिनं मानली. आता तुमची कुणी मानायची?"

साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. गठ्ठ्यातलं एक फडकं ओढून बघितलं. "शाळेचा गणवेश होता वाटतं," ते म्हणाले. मग लेखनिकाला सांगितलं, "स्थळपाहणी लिहा. मी स्वतः जातो."

प्रियंकाला आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. करार समाप्त. कारण, कामात हलगर्जी व गोपनीयतेचा भंग. तिनं ते घडी घालून वहीत ठेवलं.

साहेब खरंच आले, जूनच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी साडेदहाला. सोबत एक कारकून आणि देवदत्त. आभाळ भरून आलेलं, हवा हलत नव्हती, अंगाला कपडे चिकटत होते. त्या दिवशी गल्लीत सगळी दारं उघडी होती. साहेब पहिल्या घरात वाकून शिरले. बाईनं बनियन फाडला तशी सुतं उडाली, साहेबांना ठसका लागला. पाणी प्यायले आणि पुढच्या घरात गेले. ते घाईत नव्हते. किती वाजता बसता, किती किलो, पाठ दुखते का, असं विचारत होते. कारकून लिहीत होता. सुंदराबाईच्या घरात त्यांनी विळीच्या पात्यावरून बोट फिरवलं. "माझी आई अशीच बसायची, भाजी चिरायला," म्हणाले.

नाल्यापाशी पोचेपर्यंत पावणेदोन झाले. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. वर हायवेवर गाडीचा हॉर्न वाजत होता. देवदत्त त्यांच्या कानाशी लागला, तीन वाजता घाटकोपरला दुसरी पाहणी आहे म्हणून.

साहेब फळीवर एक पाय ठेवून उभे राहिले. "पलीकडं पण हेच ना?"

"हेच," सुंदराबाई म्हणाली. "त्रेचाळीस घरं. या ना. पाच मिंटं तरी या. जयंती परब थांबलीय."

"आलं लक्षात माझ्या. हेच असणार. मी बघितलंच आहे आता." ते वळले. प्रियंका त्यांच्यामागं चढावापर्यंत धावली. "साहेब, लिहून घ्या नुसतं, वहीत सगळं आहे," म्हणत राहिली. गाडीचं दार लागलं.

पलीकडं जयंतीनं घर शेणानं सारवावं तसं लख्ख पुसून ठेवलं होतं. राजारामचं तोंड धुऊन त्याला स्वच्छ सदरा घातला होता. स्वतः ठेवणीतली अबोली साडी नेसून विळीवर बसली होती, समोर फोडलेली गासडी. ती चार वाजेपर्यंत तशीच बसून होती. कुणी तिला सांगायला गेलं नाही. सुंदराबाईचंही पाऊल उचललं नाही.

ऑक्टोबरात सुधारित आराखडा लागला. प्रियंका एकटीच मुलुंडला जाऊन आली. खंडू गेटावरून परतला होता, सुंदराबाई चिंध्या आवरत होती. प्रियंकानं मोबाइलवरचा फोटो मोठा करून दाखवला. गल्लीचा वरचा तुकडा तपकिरी झाला होता. गृहउद्योग क्षेत्र, एकोणपन्नास घरं, रोजगार एकशे चौदा, जागेवरच विकास. तपकिरी रंग नाल्याच्या रेघेवर थांबला होता. त्याच्या पलीकडं पिवळं. निव्वळ रहिवासी, त्रेचाळीस घरं, रोजगार शून्य, स्थलांतर. आणि हायवेपलीकडचा चौकोन होता तसाच लाल.

"कागदात काय लिहिलंय?" खंडूनं विचारलं.

"पाहणीत आढळलेल्या घरांपुरती हरकत मान्य. पुढं आता शासनाकडं जाणार. शेवटच्या हरकतींना पंधरा दिवस."

खंडूनं मोबाइल प्रियंकाला परत दिला. मग हळू म्हणाला, "आपलं घर वाचलं, सुंदरा. लई झालं. पोरीची नोकरी गेली. आता गप ऱ्हावं."

"शिवण धरून टर्रकन फाडावी तशी गल्ली फाडली," सुंदराबाई म्हणाली. "आन् तुम्ही म्हणता वाचलं."

"मी काय चूक बोललो?"

"न्हाई. बरोबर बोलला. म्हणून तर राग येतो."

सकाळी खंडूचा डबा भरून तिनं विळी उचलली, पोतं खांद्यावर टाकलं आणि फळीवरून नाल्यापलीकडं गेली. प्रियंका वही घेऊन मागं.

जयंती दारातच काम करत होती. बातमी तिच्यापर्यंत रात्रीच पोचली होती. तिनं मान वर केली नाही.

"तुझा झाला ना काम?" ती म्हणाली. "माझा नाव लिवक लावलंस. आता नाव पण उघडा पडला आणि घर पण जातला. जा तू तुझ्या घरात."

सुंदराबाईनं उंबऱ्याबाहेर पोतं अंथरलं, विळी ठेवली आणि बसली. हात लांब करून जयंतीच्या गासडीतला एक शर्ट ओढला आणि कॉलर पात्यावर धरली. थोड्या वेळानं फळीवरून आणखी एक बाई आली. मग दोघी आल्या. सगळ्या नकाशातल्या तपकिरी बाजूच्या, सगळ्यांच्या हातात विळ्या. जिला जिथं दार दिसलं तिथं ती बसली. आतून राजारामनं अडखळत विचारलं, कोण आलंय?

प्रियंका वही उघडून पायरीवर बसली. "कुणाच्या नावानं हरकत लिहू?"

"नाल्याच्या ह्या अंगाला जी जी काम करते तिचं लिव," सुंदराबाई म्हणाली. "पयली मी."

"आई, आपलं घर पलीकडं आहे. ते विचारतील."

"इचारू दे की. घर तिकडं हाय. काम मी हितं करते. आजपासनं. येऊन बघा म्हणावं, आन् ह्या बारीला अर्ध्यातनं जाऊ नका म्हणावं."

प्रियंकानं लिहिलं. जयंतीच्या विळीचा आवाज थांबला होता. ती सुंदराबाईच्या पायाकडं बघत होती. तो पायरीच्या कडेवर अधांतरी दाबून धरलेला होता, नीट टेकत नव्हता.

"तशी बसलंस तर कापशीत पाय," जयंती पुटपुटली. आणि आपली विळी तिनं भिंतीकडं सरकवली, चिंध्यांचा ढीग हातानं मागं लोटला आणि उंबऱ्याच्या आत तिच्यापुरती जागा केली.